ऑपरेशन झालं, आता रात्री कुठे ठेवायचं?

दुपारी अडीचच्या सुमारास प्राण्यांच्या दवाखान्यातून फोन येतो. "झालं ऑपरेशन. शुद्धीवर येतेय. आज रात्री इथेच ठेवायचीय की संध्याकाळी नेताय?" आपण ऑफिसात, समोर अर्धा खाल्लेला डबा, डोक्यात सकाळपासून नको ते विचार. अशा वेळी बहुतेक जण जे सांगतात तेच मीही सात वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "ठेवा, ठेवा. उगाच रिस्क नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी दवाखान्यापाशी पोचले तर शटर खाली. दहाला मदतनीस मुलगा आला, त्यानं कुलूप काढलं. माझी कुत्री राणी आतल्या पिंजऱ्यात शेपटी हलवत होती. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन निघून पाण्याच्या भांड्यात पडलेला आणि पोटावरचा एक टाका तिनं चाटून चाटून सोडवलेला. मी विचारलं, "रात्री कोण होतं इथे?" तो म्हणाला, "रात्री कोण असणार ताई? दहाला बंद होतं की." त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. मीच विचारलं नव्हतं.

"ॲडमिट" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसांचं हॉस्पिटल येतं. रात्रपाळीची सिस्टर, दर दोन तासांनी बीपी, बेल दाबली की येणारा कुणीतरी. प्राण्यांच्या बहुतेक दवाखान्यांत असं काही नसतं. एक डॉक्टर, एकदोन मदतनीस, सकाळची ओपीडी, संध्याकाळची ओपीडी आणि मधल्या दुपारी ऑपरेशनं. रात्री शटर खाली. त्यात डॉक्टरांचा दोष धरण्यात अर्थ नाही. दिवसभर राबलेला माणूस रात्री घरी जाणारच. पण मग "रात्रभर ठेवलं" याचा खरा अर्थ "रात्रभर एकटं ठेवलं" असाही असू शकतो, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नियमांत तर स्पष्टच म्हटलंय की दवाखान्यात कुणीही नसताना प्राणी तिथे राहणार असेल, तर मालकाला तसं आधी सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे हे आपण तोंडानं विचारून घ्यायचं.

म्हणून माझा प्रश्न आता बदललाय. ठेवायचं की न्यायचं हे नंतर. आधी, रात्री दोन वाजता हिच्याकडे कोण बघेल? दवाखान्यात जागं, शिकलेलं माणूस असेल तर तिथे. नसेल आणि घरी कुणी जागायला तयार असेल तर घरी. दोन्हीकडे कुणीच नसेल, तर ऑपरेशनची तारीखच बदलायची. नेहमीच्या नसबंदीसारख्या ऑपरेशनला घाई नसते, चार दिवसांनी काही बिघडत नाही.

आता हे बघणं म्हणजे नेमकं काय बघणं, ते समजून घेऊ. त्यासाठी ऑपरेशननंतर शरीरात काय चाललेलं असतं ते थोडं माहीत असावं लागतं.

भूल उतरते तेव्हा

भूल म्हणजे नुसती झोप नाही. तिच्यात श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो आणि अंगाची ऊब राखण्याची शरीराची यंत्रणा ढिली पडते. पोटावरचे केस काढलेले, कातडी स्पिरिटनं पुसलेली, टेबल थंडगार आणि पोट उघडं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ऑपरेशननंतर ते यापेक्षा बरंच खाली गेलेलं असू शकतं. अंग गार असेल तर औषधं शरीराबाहेर पडायलाही वेळ लागतो, गुंगी लांबते, आणि गुंगीतला प्राणी स्वतः हालचाल करून अंग तापवू शकत नाही. हे चक्र तोडायचं काम पहिल्या काही तासांत होतं आणि ते दवाखान्यातच व्हावं.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतून भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या आणि ७९ हजार मांजरांच्या नोंदी गोळा केल्या गेल्या. निरोगी कुत्र्यांत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के निघालं, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. निरोगी मांजरांत ०.११ टक्के, नऊशेत एक. आकडे दिलासा देणारेच आहेत. (तिथले आहेत, हेही लक्षात ठेवावं, आपल्या गल्लीतल्या दवाखान्याला ते जसेच्या तसे लागू होतील असं नाही.) पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. जे प्राणी दगावले, त्यांतले ४७ टक्के कुत्रे आणि ६१ टक्के मांजरं टेबलावर गेली नाहीत. ऑपरेशन आटोपल्यानंतर गेली. आणि या नंतरच्या मृत्यूंचा मोठा वाटा पहिल्या तीन तासांतला होता.

म्हणजे डॉक्टरांनी हातमोजे काढले, "झालं" म्हटलं, की आपला जीव भांड्यात पडतो. खरी नजर ठेवायची वेळ मात्र तिथून सुरू होते. मध्यरात्रीपेक्षा हे तीन तास जास्त मोलाचे.

यातून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते आणि ती मला कुणीही सांगितली नव्हती. ऑपरेशन किती वाजता आहे, यावर रात्रीचा निम्मा प्रश्न सुटतो. सकाळी अकरा किंवा दुपारी एकचं ऑपरेशन असेल तर तीनच काय, सहासात तास दवाखान्यातल्या गजबजाटात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर निघून जातात. संध्याकाळची ओपीडी संपेपर्यंत प्राणी उभा राहिलेला असतो, अंग गरम झालेलं असतं, डॉक्टर एकदा हिरड्या बघून "न्या आता" म्हणतात. तेच ऑपरेशन संध्याकाळी सातला उरकलं तर नाजूक तास नेमके शटर पाडायच्या वेळी येतात. मला आता कुणी संध्याकाळची वेळ दिली तर मी सरळ सांगते, "डॉक्टर, उद्या सकाळी पहिला नंबर द्या."

भूल कुठली, यानंही फरक पडतो. काही ठिकाणी पूर्ण ऑपरेशन इंजेक्शनच्या भुलेवर करतात, काही ठिकाणी नळी घालून गॅसची भूल देतात. गॅस श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे तो बंद केल्यावर प्राणी सहसा लवकर जागा होतो. इंजेक्शनचं औषध लिव्हर आणि किडनीनं निस्तरायचं असतं. त्याची गुंगी कित्येक तास रेंगाळू शकते. इंजेक्शनची भूल म्हणजे वाईट असं नाही, वर्षानुवर्षं त्यावर हजारो ऑपरेशनं होताहेत. पण संध्याकाळी आपल्या हातात डुलणारा, डोळे अर्धे मिटलेला कुत्रा येणार की चालत येणारा, याचा अंदाज त्यावरून येतो. ग्रेहाउंडसारख्या काटकुळ्या शिकारी जातींना काही औषधांची गुंगी उतरायला जास्त वेळ लागतो. आपल्याकडचा कारवानी त्याच बांध्याचा, तेव्हा तो पाळला असेल तर डॉक्टरांशी याबद्दल आधीच बोलून ठेवावं.

रात्री खरी भीती कशाची

गुंगी उतरली की दुसरी भीती उरते ती आतल्या रक्तस्रावाची. कुत्रीच्या नसबंदीत पोट उघडून अंडाशय, आणि बहुतेक वेळा गर्भाशयही, काढतात. तिथे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधलेल्या असतात. क्वचित एखादी गाठ सैल पडते आणि रक्त पोटात झिरपू लागतं. बाहेर टाक्यावर थेंबही दिसत नाही. हे घडायचंच असेल तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत घडतं आणि त्यात ही रात्र येते. कुत्री माजावर असताना किंवा नुकतीच माजावरून उतरलेली असताना ऑपरेशन केलं, ती अंगानं जाड असली, वयानं मोठी असली, तर काम अवघड होतं आणि रक्त जास्त जाण्याची शक्यता वाढते. कुत्र्याच्या, म्हणजे नराच्या नसबंदीत पोट उघडावं लागत नाही (एखादा वृषण पोटातच अडकून राहिला असेल तर गोष्ट वेगळी), म्हणून नर त्याच संध्याकाळी घरी पाठवायला डॉक्टर फारसे कचरत नाहीत. बोक्याचं तर काम काही मिनिटांचं असतं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, गोचीडतापाचा. गोचिडांमधून एर्लिकिया, बबेसिया असे रोग होतात आणि कुत्रा वरवर बरा झाल्यासारखा दिसला तरी रक्तातल्या प्लेटलेट कमी राहिलेल्या असू शकतात. प्लेटलेट कमी म्हणजे रक्त गोठायला उशीर. अशा कुत्रीचं पोट उघडलं तर गाठी उत्तम बांधूनही रक्त पाझरत राहू शकतं. म्हणून ऑपरेशनआधी रक्ताची साधी तपासणी, सीबीसी, करून घ्यावी. "तरुण आहे, धडधाकट आहे, कशाला खर्च" असं म्हणणारे भेटतील. मी त्यांचं ऐकणार नाही. रस्त्यावरून आणलेल्या किंवा दिवसभर बागेत लोळणाऱ्या कुत्रीच्या बाबतीत तर नाहीच.

आतून रक्त जातंय हे ओळखायचं कसं? हिरड्यांवरून. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. रक्त कमी झालं की ती फिकट, कागदासारखी दिसू लागते, रंग परतायला वेळ लागतो, नाडी भराभर आणि बारीक चालते, पोट फुगत जातं, कुत्री हाक मारली तरी मान उचलत नाही. आपल्या गावठी कुत्र्यांची मात्र गंमत अशी की अनेकांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे खालची पापणी हळूच ओढून आतला भाग बघायचा. आणि हे सगळं ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच एकदा बघून ठेवायचं, नाहीतर रात्री दोनला मोबाइलच्या टॉर्चमध्ये प्रत्येक हिरडी पांढरीच वाटते. मी हे अनुभवानं सांगतेय.

घरी आणलं तर

बाहेर महापालिकेच्या नसबंदी केंद्रात भटक्या कुत्र्यांना ऑपरेशननंतर काही दिवस तिथेच ठेवतात आणि मग सहसा जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "बघ, सरकारसुद्धा चार दिवस ठेवतं, आणि तू त्याच संध्याकाळी आणतेस?" मुद्दा वाजवी होता. पण त्या कुत्र्यांना घर नाही, म्हणून त्यांना ठेवावं लागतं. रस्त्यावर टाके कोण बघणार, पावसात कोण आडोसा देणार? माझ्या कुत्रीला, चिंगीला, माझं घर आहे. घरच्या वासात, ओळखीच्या पायपुशीवर कुत्रं शांत पडून राहतं. दवाखान्यात शेजारच्या पिंजऱ्यातला लॅब्रेडॉर रात्रभर भुंकला की आपलंही उठून भुंकणार, टाक्यांवर ताण येणार. मांजरांचं तर विचारूच नका. कुत्र्यांच्या वासात आणि आवाजात मांजर कोपऱ्यात गोठून बसतं, खात नाही, लघवी धरून ठेवतं. आजारी प्राण्यांच्या शेजारी राहण्यात संसर्गाचा धोकाही असतो.

तरी घर म्हणजे आपोआप सुरक्षित असं नाही. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चिंगी बारा किलोची, तिला मी पोटाखाली ताण न देता, छातीखाली एक आणि मागच्या पायांमागून एक हात घालून उचलून नेलं. तीच पस्तीस किलोची असती तर मला दोन माणसं आधी ठरवून ठेवावी लागली असती. गुळगुळीत फरशीवर गुंगीतल्या कुत्रीचे पाय फाकतात, म्हणून तिच्या जागेपासून दारापर्यंत मी सतरंज्या टाकल्या. गादी जमिनीवर, सोफा आणि दिवाण बंद. दुसरं कुत्रं असेल तर ते वेगळ्या खोलीत; भुलेचा आणि औषधांचा वास आला की नेहमीचे दोस्तसुद्धा गुरगुरतात. लहान मुलांना समजावणं हे त्याहून कठीण काम.

पाणी थोडंथोडं, पूर्ण जागी झाल्यावरच. रात्रीचं जेवण नेहमीच्या चौथ्या हिश्शाएवढं, तेही तिनं मागितलं तर. नाही खाल्लं तरी त्या रात्री हरकत नाही. (आमच्याकडे "बिचारी उपाशी आहे" म्हणून वाटीभर दूध पुढे करणारी मंडळी आहेत, त्यांना स्वयंपाकघरातच थोपवावं.) पिल्लू असेल किंवा डायबेटिसचा कुत्रा असेल तर उपाशी ठेवण्याबद्दल डॉक्टरांकडून वेगळ्या सूचना घ्याव्यात. थरथर होते, ती बरेचदा थंडीची असते. अंगावर चादर घालावी, पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नये. गुंगीत तिला भाजतंय हे कळत नाही आणि कळलं तरी सरकता येत नाही. रात्री कुत्री विव्हळू लागते आणि आपलं काळीज हलतं. त्यातला बराचसा भाग भूल उतरतानाचा गोंधळ असू शकतो. शांतपणे नाव घेतल्यावर, हात ठेवल्यावर थांबली तर ठीक. नाही थांबली तर दुखत असेल असं धरून डॉक्टरांना फोन करावा.

आणि इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरातल्या डब्यातली गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला मारक ठरतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुखण्याचं औषध, त्यांनी सांगितलेल्या मापात आणि वेळेला, एवढंच.

दोनतीन दिवस बारीक खोकला येऊ शकतो, तो श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे. दोनेक दिवस शी झाली नाही तरी घाबरू नये, पोट रिकामंच होतं. एखादी उलटी चालते. उलट्या थांबतच नसतील, टाक्यांतून रक्त गळतच असेल, श्वास ओढून घेतल्यासारखा असेल, पोट फुगत असेल, हाक मारून जागी होत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणूनच रात्री कुठे जायचं हे आधी ठरलेलं हवं: डॉक्टरांचा रात्री उचलला जाणारा नंबर, चोवीस तास उघडं असलेलं जवळचं हॉस्पिटल आणि तिथवर नेणारं वाहन. रात्री अडीचला रिक्षावाला कुत्रं बघून नाही म्हणाला, तर दुसरा मिळेपर्यंत बराच वेळ जातो.

मग ठेवायचं कधी?

काही वेळा घरी नेण्याचा हट्ट चुकीचाच असतो. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्ग जन्मतःच अरुंद असतो. गुंगीत घशाचे स्नायू ढिले पडले की तो आणखी बंद होतो. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले, पण त्यांच्या घोरण्याला लोक अजून लाडच समजतात. अशा प्राण्यावर रात्री जाणकार नजर असलेली बरी. ऑपरेशनमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त रक्त गेलं असेल, संध्याकाळपर्यंत तापमान वर आलं नसेल, कुत्री पायांवर उभी राहत नसेल, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल, रात्रभर सलाईन चालू ठेवायचं असेल, तर घरी नेऊ नये. तुमचं घरच लांब असेल, समजा घाटाखालच्या एखाद्या गावात, जिथून जवळचा प्राण्यांचा डॉक्टर दोन तासांवर आहे, तरी त्या रात्री शहरात थांबणं शहाणपणाचं. घरी एकटेच राहात असाल आणि रात्रपाळी असेल, तरीही.

पण या सगळ्यांत ठेवायचं ते रात्री माणूस असलेल्या ठिकाणीच. तुमच्या डॉक्टरांकडे तशी सोय नसेल, तर ते सहसा स्वतःच मोठ्या हॉस्पिटलचं नाव सुचवतात. परळच्या बाई साकरबाई हॉस्पिटलला मुंबईतली जुनी माणसं अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. प्राण्यांना भरती करून घेण्याची परंपरा तिथे एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. प्रत्येक गावात असं ठिकाण नाही. म्हणून अवघड प्राण्याचं ऑपरेशन मुळातच अशा ठिकाणी करावं, नंतर रात्री हलवाहलव करण्यापेक्षा.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारताना आपल्याला संकोच वाटतो, जणू त्यांच्यावर अविश्वास दाखवतोय. चिंगीच्या वेळी मी सरळ विचारलं, "डॉक्टर, रात्री इथे कोण थांबतं?" ते हसले. "कुणी नाही. वॉचमन असतो, पण तो बाहेर. म्हणून मी सकाळीच ऑपरेशन घेतो आणि संध्याकाळी घरी पाठवतो. तुम्ही किती वाजेपर्यंत जागू शकता?" मी म्हटलं, सकाळपर्यंत. "मग न्या. दर दोन तासांनी हिरडी बघा, श्वास मोजा, झोपेत मिनिटाला तीसच्या आत हवा. वहीत लिहा. मला काही वाटलं तर फोन करा, मी उचलतो."

वहीत मी लिहिलं : ११ वाजता, हिरडी गुलाबी, श्वास २२. १ वाजता, विव्हळली, हात ठेवल्यावर गप्प. ३ वाजता, उठून पाणी प्यायली. ४.१०, दाराशी गेली, सतरंजीवर मोठी शू. सकाळी साडेसातला डॉक्टरांचाच फोन आला. "लघवी झाली का?" झाली म्हटलं. "छान. आता तुम्ही झोपा."